हेड गॅस्केट बदलल्यावरही 800 घाटात तापते, हेड पुन्हा उतरवावं का?

जुनी८०० | शनिवार, रात्री 9:10

गाडी मारुती 800 एमपीएफआय, 796 सीसी, तीन सिलिंडर, 2007 ची. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) उडालं होतं. हेड लेथवर फेसिंग करून घेतलं, गॅस्केट नवं, टायमिंग बेल्ट नवा, ऑइल आणि फिल्टर नवं. त्यानंतर 420 किलोमीटर झाले.

सपाट रस्त्यावर 60-70 च्या वेगात काटा मध्याच्या खालीच राहतो. शहरात सिग्नलला उभी असतानाही तक्रार नाही, फॅन लागतो आणि बंद होतो. खंबाटकीला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सात-आठ मिनिटं चढलं की काटा लाल पट्टीजवळ जातो. वर पोचून पाच मिनिटं हलक्या पायाने चालवली की हळूहळू खाली येतो. कूलंटच्या बॉटलमधली लेव्हल दोन बोटं वाढते आणि सकाळपर्यंत परत जात नाही. रेडिएटर मात्र सकाळी अर्धा कप कमी असतो.

ऑइल स्वच्छ आहे, डिपस्टिकवर दुधाळपणा नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. मिस्त्री म्हणतात हेड पुन्हा उतरवू. उतरवण्याआधी काय काय तपासावं?

टॉर्कपाना | शनिवार, रात्री 10:02

हेडला इतक्यात हात लावू नका. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर काढा: सिलिंडरमधला गॅस पाण्यात जातोय की नाही? जात असेल तर हेड उतरवण्याला पर्याय नाही. जात नसेल तर हेड उतरवून फक्त नवं गॅस्केट वाया जाईल.

पहाटे इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा. उघडताना फुस्स आवाज आला, म्हणजे रात्रभर थंड होऊनही आत दाब शिल्लक राहिला, तर ते वाईट लक्षण. नंतर रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप लावा, इंजिन चालू करा आणि वरचा होज हाताने दाबून बघा. पाणी तापायच्या आधीच, मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा झाला तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरचा आहे.

तिसरी टेस्ट ब्लॉक टेस्टरची. निळं द्रव असलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवतात आणि रबरी फुग्याने तिथली हवा त्या द्रवातून ओढतात. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की पेट्रोल गाडीत निळ्याचा पिवळा होतो. द्रवात कूलंट ओढलं गेलं तर टेस्ट बाद, म्हणून आधी रेडिएटरची लेव्हल दोन-तीन इंच खाली घ्या. तुमची गाडी लोडवर तापते, त्यामुळे नुसत्या आयडलवरच्या टेस्टवर विसंबू नका. चढावर चालवून आणा, थंड होऊ द्या, कॅप काढा, मग पुन्हा चालू करून टेस्ट घ्या. गरम इंजिनची कॅप कधीही उघडायची नाही, वाफेने चेहरा भाजतो.

स्पार्क प्लगही काढून बघा. तिघांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. कॉम्प्रेशन घेतलं तर सिलिंडरमधला फरक 1 किलोपेक्षा जास्त नको. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीत गेलंय.

घाटवाट | शनिवार, रात्री 10:40

गाडी कधी तापते यावरूनच अर्धं निदान होतं.

उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर फॅन बघायचा. फ्यूज, रिले, स्विच, किंवा हेडचं काम करताना पिन लावायची राहिलेली. फॅन मोटर बदलली असेल तर तारा उलट लागून फॅन उलटा फिरतोय का तेही बघा. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या फॅनसाठी सोपी परीक्षा म्हणजे समोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला तर फॅन बरोबर ओढतोय, ढकलला गेला तर उलटा आहे.

तुमचं बरोबर उलट आहे. उभी थंड, चढावर गरम. याचा अर्थ फॅनचं काम चाललंय, पण इंजिनची उष्णता वाढली की ती रेडिएटरला बाहेर टाकता येत नाही. कारणं मोजकी आहेत: रेडिएटर आतून तुंबलेला, एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये चिखल-कीटक बसलेले, वॉटर पंपाचा बेल्ट सैल किंवा पंपाचं पातं झिजलेलं, खालचा होज जोरात ओढल्यावर चपटा होणारा, टायमिंग मागे पडलेलं, किंवा फक्त लोडवर उघडणारं गॅस्केट.

खालच्या होजचं बघायला दोन माणसं लागतात. इंजिन गरम करून एकाने अॅक्सिलरेटर तीन-साडेतीन हजारांवर धरायचा, दुसऱ्याने खालचा होज बघायचा. चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे किंवा रबराचा आतला थर सुटला आहे.

टायमिंग बेल्ट एका दाताने चुकला तरी गाडी चालते. पिकअप मरतो, अॅव्हरेज पडतं आणि चढावर तापते. बेल्ट नवा टाकलाय, म्हणून पुलीच्या खुणा एकदा जुळवून बघाच. अर्ध्या तासाचं काम आहे.

सरळमार्गी | रविवार, सकाळी 7:25

थर्मोस्टॅट काढून टाका, प्रश्न मिटेल. आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही.

टॉर्कपाना | रविवार, सकाळी 8:15

हा सल्ला गॅरेजोगॅरेजी मिळतो आणि त्याने नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते, मग गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो. सपाटीला हे कळत नाही, चढावर कळतं.

"पाणी फार वेगाने गेलं की थंड व्हायला वेळ मिळत नाही" हे कारण काही जण देतात, ते बरोबर नाही. रेडिएटरमधून पाणी जितकं जास्त जाईल तितकी उष्णता जास्त बाहेर पडते. नुकसान होतं ते बायपासमुळे. शिवाय थर्मोस्टॅट नसला की इंजिन उशिरा तापतं, कंप्युटर थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने लोंबकळत सोडलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. व्हॉल्व्हवर कोरलेल्या अंशाला (82 किंवा 88) तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढे साधारण 12-13 अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. पूर्ण उघडल्यावर फट 8 मिलिमीटरच्या आसपास हवी. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला आणि छोटा लटकता पिन-व्हॉल्व्ह सगळ्यात वर. त्या छिद्रातूनच भरतानाची हवा बाहेर पडते. ते खाली आलं की थर्मोस्टॅटच्या मागे हवेचा फुगा अडकतो.

जुनी८००, सकाळी इंजिन चालू केल्यापासून काटा नेहमीच्या जागेवर यायला किती वेळ लागतो?

जुनी८०० | रविवार, दुपारी 1:30

वीस मिनिटं. गॅस्केटच्या कामाआधी सहा-सात मिनिटांत यायचा.

बाकीची निरीक्षणं देतो. पहाटे कॅप उघडताना आवाज नाही. होज पहिल्या पाच मिनिटांत मऊच. ब्लॉक टेस्टर दोनदा लावला, एकदा आयडलवर, एकदा चढावरून आणून थंड केल्यावर. दोन्ही वेळा द्रव निळंच. प्लग तिन्ही एकसारखे, फिकट विटकरी. कॉम्प्रेशन 12.5, 12.2, 12.4. टायमिंगच्या खुणा बरोबर. वॉटर पंपाचा बेल्ट अंगठ्याने जोरात दाबल्यावर 7 मिलिमीटर जातो. खालचा होज चपटा होत नाही.

लेथवाला | रविवार, दुपारी 3:05

कॉम्प्रेशन आणि ब्लॉक टेस्टरचे हे आकडे बघता हेड नीट बसलेलं आहे. तरीही धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी हेडची बाजू लिहून ठेवतो, कारण फेसिंगनंतर परत येणाऱ्या गाड्यांत चुका त्याच त्याच असतात.

हेड सपाट आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. अचूक सरळ पट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप) हवं. लांबीला दोन, रुंदीला दोन आणि दोन तिरके कर्ण, अशा सहा रेषांवर पट्टी ठेवायची. सुझुकीच्या या छोट्या इंजिनांना मर्यादा 0.05 मिलिमीटर. म्हणजे 0.05 मिलिमीटरचं पान कुठेही पट्टीखाली जाता कामा नये. हीच सहा मापं ब्लॉकच्या तोंडावरही घ्यायची. गफलत होते ती इथे: हेड लेथवर जातं, ब्लॉककडे कोणी बघत नाही. गाडी जोरात तापली असेल तर दोन सिलिंडरच्या मधला ब्लॉकचा भागही बसलेला असू शकतो.

जुनं गॅस्केट काढायला ग्राइंडरवर एमरीची चकती लावतात. अॅल्युमिनियम मऊ आहे, दहा सेकंदांत खड्डा पडतो. प्लॅस्टिकचा किंवा पितळी स्क्रेपर वापरावा. स्टीलच्या अनेक थरांचं गॅस्केट लागणार असेल तर पृष्ठभाग आरशाच्या जवळ जाणारा गुळगुळीत लागतो. नखाला रेघा जाणवत असतील तर ते गॅस्केट पाणी धरणार नाही. जुन्या पद्धतीच्या ग्राफाइट गॅस्केटला थोडा खडबडीतपणा चालतो.

फेसिंगच्या आधी प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटने बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. थंड पाण्यात बंद राहणारी चीर गरम पाण्यात उघडते. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली जागा नीट बघायची, बुडबुडा बहुतेक तिथूनच निघतो.

बोल्टची भोकं कोरडी करायची. आंधळ्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट त्यावर दाबला जातो. टॉर्क पाना टक करतो, पण हेडवर जोर आलेला नसतो. क्वचित ब्लॉकही फुटतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली ऑइलचा पुसट हात पुरेसा. जुन्या 800 च्या बोल्टना 5.5 ते 6 किलोग्रॅम-मीटर, तेही मधून सुरुवात करून बाहेर जात, तीन टप्प्यांत. मारुतीच्या नव्या के-सीरिज इंजिनांसारखे कोन मोजून आवळायचे बोल्ट असतील तर हा आकडा वापरू नका, त्या इंजिनाचं मॅन्युअल बघा.

गॅस्केटवरचा "टॉप" शिक्का वर आणि क्रँक पुलीच्या बाजूला. उलटं बसलं तर पाण्याची काही भोकं झाकली जातात आणि एकच सिलिंडर तापत राहतो. हेड गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही. बोटभर सिलिकॉन फासलं की अर्धं बाहेर दिसतं आणि उरलेलं आत पाण्यात तुटून पडतं.

टॉर्कपाना | रविवार, दुपारी 4:20

लेथवाल्यांचं शेवटचं वाक्य इथे उपयोगी पडेल असं वाटतं.

गॅस पाण्यात जात नाही, हे आता पक्कं झालं. वीस मिनिटांचा वॉर्मअप सांगतो की थर्मोस्टॅट कोणीतरी काढलाय किंवा तो उघडाच अडकलाय. बॉटलमध्ये गेलेलं पाणी परत येत नाही, ती कॅपची खूण. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा 0.9 किलोला (दर चौरस सेंटीमीटरला) दाब सोडतो. मधला छोटा, गाडी थंड होताना पाणी परत ओढू देतो. मधला चिकटला किंवा बॉटलची नळी कुठे चिरलेली असली की रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही हवेसकट घाट चढता.

दाबाचं महत्त्वही समजून घ्या. समुद्रसपाटीला साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 0.9 च्या कॅपखाली साधारण 118 ला. महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे 1350 मीटरवर, उघडं पाणी 95-96 लाच उकळतं. म्हणजे मेलेल्या कॅपची गाडी नेमकी घाटमाथ्यावर पाणी फेकते.

आता रेडिएटर. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळवा. धातूची चकचकीत टाकी त्याला खरी दिसत नाही, 20-30 अंश कमी दाखवते. म्हणून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला नऊ ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवा: वर तीन, मध्ये तीन, खाली तीन. चढावरून आल्याबरोबर नऊही जागा मोजा, फिरत्या फॅनपासून हात लांब ठेवून. पाणी येतं त्या टाकीपासून निघतं त्या टाकीपर्यंत तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही.

ओम्नीवाला | रविवार, सायंकाळी 6:45

ओम्नीत गॅस्केटनंतर पाणी भरताना हवा धरते. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मधले पाईप लांबलचक. भरायची नेमकी पद्धत काय?

घाटवाट | रविवार, रात्री 8:10

एकच तत्त्व: ज्या तोंडातून भरता ते सगळ्यात उंच असलं पाहिजे. तुमचं तोंड पुढे असेल तर गाडीचं पुढचं तोंड चढावर किंवा जॅक-स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका.

हीटर असेल तर नॉब पूर्ण गरमवर, म्हणजे हीटरच्या कोअरमधली हवाही निघते. बारीक धारेने भरा, मिनिटाला साधारण एक लिटर. भरताना वरचा होज पाच-दहा वेळा दाबून सोडा, गुडगुड करत हवा वर येते. इंजिनला हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून, अखंड धार लागली की बंद. कॅप न लावता इंजिन आयडलवर चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली बसते, तेव्हा भर घाला. फॅन एकदा लागून बंद झाला की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पुन्हा बघा, थोडं घालावं लागतंच.

आधी काढलेलं कूलंट बादलीत मोजून ठेवा. साडेतीन लिटर निघालं आणि अडीच लिटरमध्येच "भरलं", तर एक लिटर हवा आत आहे. काटा वर-खाली उड्या मारतो, हीटरमधून कधी गरम कधी थंड हवा येते, ही हवा धरल्याची लक्षणं.

नवागत | रविवार, रात्री 9:00

रेडिएटरमध्ये टाकायची लीक बंद करणारी पावडर चालेल का? आणि बोअरचं पाणी?

टॉर्कपाना | रविवार, रात्री 9:35

दोन्ही नको. पावडर गळतीचं भोक आणि रेडिएटरची नळी यांत फरक करत नाही. बोअरच्या जड पाण्याचा थर नेमका हेडमधल्या सर्वांत गरम जागी बसतो. कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. दुकानात "बॅटरीचं पाणी" मागताना डिस्टिल्डच आहे ना ते वाचून घ्या, शेजारच्या कॅनमध्ये अॅसिड असतं. दोन रंगांची कूलंटं एकमेकांत मिसळू नका.

जुनी८०० | मंगळवार, रात्री 8:50

थर्मोस्टॅट हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट नाही.

टेपवरचे आकडे: वर 96, 95, 93. मध्ये 90, 88, 61. खाली 84, 57, 44. म्हणजे उजवा खालचा कोपरा थंड. रेडिएटर काढून खालचं तोंड बुचाने बंद केलं, भरला, बुच काढलं. पाणी भसकन यायला हवं होतं, करंगळीएवढी धार आली. वरच्या टाकीतून चिमट्याने निळ्या सिलिकॉनचे नऊ तुकडे काढले, सगळ्यात मोठा तांदळाच्या दाण्याच्या तिप्पट. बरोबर गंजाचा चिखल. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे.

लेथवाला | मंगळवार, रात्री 9:15

तांब्याचा आहे तर टाक्या उघडून रॉडिंग करून घ्या. नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून साफ करतात आणि टाकी परत झाळतात. नंतर पाण्यात बुडवून हवेचा दाब 1 ते 1.2 पर्यंतच द्यायला सांगा, जास्त दिला तर चांगले सांधे सुटतात. प्लॅस्टिक टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर असता तर नवाच घ्या म्हटलं असतं. फ्लशच्या औषधाने सिलिकॉन विरघळत नाही. बसवायच्या आधी ब्लॉक आणि हीटरही साध्या नळाच्या दाबाने उलट दिशेने धुवा. उरलेला एखादा तुकडा पुन्हा रेडिएटरमध्येच येणार आहे.

जुनी८०० | मंगळवार, रात्री 9:40

हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे का? गॅस्केट ग्राफाइटचं आहे.

लेथवाला | मंगळवार, रात्री 10:05

गॅस्केटच्या पाकिटावर "री-टॉर्क नको" लिहिलं असेल तर हात लावू नका. तसं नसेल तर ग्राफाइटला 500 ते 1000 किलोमीटरच्या दरम्यान एकदा बघता येतं. इंजिन रात्रभर थंड, क्रमाने एकेक बोल्ट: पाव आटा सैल करायचा, लगेच ठरलेल्या टॉर्कला परत आणायचा, मग पुढचा. सगळे एकदम सैल करायचे नाहीत. थरांच्या स्टील गॅस्केटला आणि कोनाने आवळलेल्या बोल्टना हे करायचं नाही. नंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा, हेड जरा बसलं की तो बदलतो.

जुनी८०० | रविवार, दुपारी 12:20

रॉडिंग झालं. 82 चा थर्मोस्टॅट, पिन वर. 0.9 ची नवी कॅप, बॉटलची नवी नळी. धुताना ब्लॉकमधून आणखी दोन तुकडे निघाले. कूलंट 3.4 लिटर गेलं.

वॉर्मअप सात मिनिटं. खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, दुपारी साडेअकराला. वर पोचल्यावर टेपवर वर 91, 91, 90. मध्ये 86, 85, 85. खाली 79, 78, 76. काटा मध्यावर. आता उद्या पहाटे थंड लेव्हल बघून लिहितो.

जुनी८०० | सोमवार, सकाळी 6:15

बॉटल काल निघण्याआधीच्या खुणेवर, रेडिएटर काठोकाठ.